वाटसरू पाखरांचा मुक्काम

वसईचें नांव निघालें कीं आपल्या मनांत १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय उभा राहतो. परंतु या भूमीला आणखी एक इतिहास आहे आणि त्याची नोंद कोणत्याही बखरींत झालेली नाहीं. हिमालयापलीकडून व मध्य आशियांतून निघालेलीं लहान पाखरें दरवर्षीं पावसाळा सरतां या किनाऱ्यावर उतरतात. कांहीं येथें चार दिवस दाणापाणी करून पुढें जातात, कांहीं हिवाळाभर राहतात. धोबी, भिंगऱ्या, वटवटे, गळ्याशीं निळा-तांबूस पट्टा मिरवणारा शंकर, हे त्यांतील ओळखीचे पाहुणे होत. हे वाटसरू आपला मुक्काम कसा निवडतात, याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

या प्रश्नास हात घालावयास मनुष्यास फार काळ लागला. भिंगऱ्या हिवाळ्यांत तळ्याच्या चिखलांत निजून राहतात, असें युरोपांतील विद्वानही एके काळीं मानीत. १८९९ सालीं डेन्मार्कमध्यें मॉर्टेन्सन नांवाच्या शिक्षकानें साळुंकीच्या कुळांतील पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं कडीं घातलीं, आणि अनुमानाच्या जागीं पुरावा आला. आपल्याकडे १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९२७ च्या सुमारास धार संस्थानांत हा उद्योग आरंभिला. पुढें १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें, तो मोठ्या प्रमाणावर चालला. या पाखरांबरोबर रोगवाहक गोचिडी येतात काय, हा त्यामागील एक प्रश्न होता.

तथापि कड्यानें प्रवासाचीं केवळ दोन टोकें कळतात. पाखरूं कोठें धरलें आणि पुन्हा कोठें सांपडलें, एवढेंच तें सांगतें. मधली वाट अंधारांत राहिली, आणि तीही शब्दशः. कारण गाणाऱ्या पाखरांपैकीं बहुतेक रात्रीं उडतात. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमधील रडारवर कांहीं गूढ ठिपके दिसूं लागले. ते पक्ष्यांचे आहेत, असें लॅक व व्हार्ली यांनीं १९४५ मध्यें दाखवून दिलें. तेव्हांपासून रात्रींचे थवे केव्हां उठतात व कोठें उतरतात, हें पाहतां येऊं लागलें.

त्यावरून जें समजलें तें विलक्षण आहे. पाखराचें इंधन म्हणजे अंगावरची चरबी. लांबच्या उड्डाणापूर्वीं कांहीं जातींचें वजन जवळजवळ दुप्पट होतें. ही शिदोरी सरत आली, वारा उलटला किंवा पाऊस आडवा आला, कीं खालीं उतरणें भाग पडतें. प्रवासाचा मोठा काळ उड्डाणांत नव्हे, अशा मुक्कामांतच जातो. पहांटेपूर्वीं उंचावरून भूमीचें ढोबळ स्वरूप तेवढें दिसतें. खरी पारख उतरल्यावर होते. पाखरूं पहिल्या कांहीं तासांत झुडपें चाळतें, किडे, फळें व आडोसा पाहतें, आधीं आलेल्यांचे आवाज ऐकतें, आणि न भागल्यास थोडें पुढें सरकतें. जेथें पोट लवकर भरतें व शत्रूचें भय कमी असतें, तोच त्याचा उत्तम मुक्काम. शिडाचीं जहाजें बंदराच्या शोभेपेक्षां गोड्या पाण्याची चौकशी आधीं करीत, त्यांतलाच हा प्रकार.

या दृष्टीनें वसईकडे पाहावें. पूर्वेस तुंगारेश्वराचें रान, पश्चिमेस विहिरींवर पोसलेल्या केळीच्या वाड्या, दक्षिणेस खाडी, कांदळवन आणि मिठागरें, व या सर्वांमध्यें सखल भातखाचरें. इतक्या थोड्या अंतरांत इतक्या तऱ्हेचा आसरा आणि चारा अन्यत्र सहज मिळत नाहीं. परंतु गेल्या कांहीं दशकांत वसई पूर्वेस एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि सखल जमिनीवर भराव पडत गेला. शिवाय शहराचे दिवे रात्रींच्या वाटसरूंस आपल्याकडे ओढतात. पाखरूं उजेडाला भुलून उतरतें; सकाळीं मात्र त्याच्यापुढें कांच, सिमेंट आणि थोडा चारा एवढेंच असतें.

माणसास घर हवें, हें कोण नाकारील? मुंबईच्या भाड्यानें हैराण झालेल्या कुटुंबांस या वसाहतींनीं छप्पर दिलें, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या पाणथळींत पाखरें थांबत, तींच पावसाचेंही पाणी धरून ठेवीत. २०१८ च्या जुलैंत वसई-विरार जलमय होऊन आगगाड्या थांबल्या, तेव्हां पाण्यानें आपली जुनी जागाच मागितली, असें आम्हांस वाटतें. उरलेलें कांदळवन व पाणथळी राखणें, अंगणांत परदेशी शोभेच्या झाडांऐवजीं उंबर व पांगारा लावणें, आणि स्थलांतराच्या दिवसांत गच्चीवरचे निष्कारण दिवे मालवणें, एवढें तरी आपणांस करितां येईल. पाखरें या भूमीची पारख अजूनही दर शरदांत करीतच आहेत. त्या पारखेस ती उतरावी, हें आपल्या हातीं आहे.