लुगडे जुने झाल्यावर

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने एकत्र शिवलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. रजई आणि दुलईत पिंजलेला कापूस भरतात, आणि ते काम पिंजाऱ्याचे. गोधडीत कापूस नसतो, नुसते कापड असते, आणि ती घरातली बाई शिवते. गोधडी बाजारात का दिसत नव्हती, तिचा हिशोब कुठल्या वहीत का सापडत नाही, आणि पुढे ती म्हातारपणीचा छंद कशी झाली, हे सगळे या एका फरकातून निघते.

नावे प्रांतोप्रांती बदलतात. जाडजूड गोधडीला वाकळ म्हणतात. झिजून चपटी झालेली ती लेपाटे. कर्नाटकाच्या सीमेवर कौदी म्हणतात, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली हीही याच कुळातली. संस्कृतातली कंथा म्हणजे जोगी-बैराग्याचे ठिगळांचे वस्त्र. भिक्खूचे चीवरही मुळात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून शिवायचे असा विनयाचा, म्हणजे भिक्खूसंघाच्या नियमांचा, दंडक होता. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरणाऱ्यांच्या काळात ठिगळांचे वस्त्र म्हणजे दारिद्र्याची खूण नव्हती, ते वैराग्याचे चिन्ह होते. विसाव्या शतकातही अंगावर चिंध्यांचे वस्त्र पांघरून फिरणाऱ्या डेबूजी जानोरकरांना लोक गोधडे महाराज म्हणत. पुढे तेच गाडगेबाबा (1876–1956) म्हणून ओळखले गेले. संसारी माणसाची गोधडी मात्र वैराग्याची नव्हे, काटकसरीची.

शिवण्याची रीत सोपी, पण वेळ खाणारी. नऊवारी लुगडे आठ मीटरांहून थोडे लांब असते. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर आयते मिळतात, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचा सांगाडा तयार. मधल्या थरांत फाटकी धोतरे, सदऱ्यांचे तुकडे, चिंध्या जातात. विटका भाग आत, धड भाग बाहेर. कापड आधी धुऊन खळ काढून घेतात, जमिनीवर ताणून पसरतात, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यासारखे काही जड ठेवतात आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरून ठेवतात. मग खरी शिवण. काही बायका एका काठापासून दुसऱ्यापर्यंत सरळ ओळी घालत जातात. काही चारही कडांनी सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे सरकतात. शेवटी लुगड्याचे काठ कापून भोवती गोट लावायचा. दोन मीटर लांब आणि एक मीटर वीस सेंटीमीटर रुंद गोधडीत ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर घातल्या तर साठ ओळी होतात, म्हणजे एकशेवीस मीटर शिवण. सेंटीमीटरला एक टाका धरला तरी बारा हजार टाके. ठिगळांच्या रंगांकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण गोधडीला धरून ठेवतात ते हे टाके. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब देते, आणि टाके जवळजवळ असतील तर धुण्यात आतल्या चिंध्यांचा गोळा होत नाही.

हे काम बहुधा उन्हाळ्यातले. सुगी उरकलेली, दुपार मोठी, अंगण कोरडे. शेजारणी चार बाजूंना बसल्या की आठवड्याचे काम दोन दिवसांत हातावेगळे होई. धुण्याची वेळ मात्र ठरलेली: घटस्थापनेच्या आधी घरातले झाडून सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायचे. याला मराठवाड्यात दसरा काढणे म्हणतात. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही. दोघी दोन टोके धरून उलट दिशांना पीळ देतात.

छत्रपती संभाजीनगरच्या इतिहासात कापडाला मोठी जागा आहे, गोधडीला नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, आणि दरबार, लष्कर, व्यापारी यांच्या आश्रयाने हिमरू आणि मशरू विणणारे कारागीर इथे स्थिरावले. जवळच पैठण, पैठणीचे गाव. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी नक्षी. मशरूत बाहेर रेशमाची चकाकी आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. या कापडांना गिऱ्हाईक होते, भाव होता, म्हणून नोंद आहे. गोधडी विकायची नव्हतीच. मलिक अंबर हबशी, आणि कवंदी शिवणारे सिद्दीही मुळात आफ्रिकेतून आलेले. तेवढ्यावरून इथल्या गोधडीचा धागा थेट त्यांच्याशी जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. जिथे सुती कापड जुने होते आणि रात्री थंडी पडते, तिथे बायकांना ही युक्ती सुचायला कुणी शिकवावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाची स्थिती बदलली. 1889 मध्ये औरंगाबादेत कापड गिरणी सुरू झाली. सुमारे सातशे कामगार तिथे होते. 1900 मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने शहर मनमाडला आणि हैदराबादला जोडले, आणि सरकी काढण्याचे कारखाने उभे राहिले. हातमागाच्या कापडापेक्षा गिरणीचे कापड स्वस्त. घरात कापड वाढले तशा चिंध्याही वाढल्या. चौकड्यांच्या लुगड्यांशेजारी छापील चीट दिसू लागले आणि गोधडी रंगीत झाली. तिचे जे देखणे रूप आता जुनी परंपरा म्हणून दाखवले जाते, त्यात गिरणीचा वाटा मोठा आहे.

शहरात गोधडी मागे कशी पडली, ते गारखेड्यात दिसते. गारखेडा हे जुन्या शहराच्या दक्षिणेचे खेडे. शहर वाढत गेले तसे गावठाण वसाहतींच्या मधोमध आले. चिकलठाणा आणि नंतर वाळूज इथे औद्योगिक वसाहती झाल्या. महानगरपालिका 1982 मध्ये स्थापन झाली. 1989 मध्ये गारखेड्यात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झाले. विभागीय क्रीडा संकुलही याच भागात उभे राहिले. सूतगिरणी चौक हे नाव इथल्या कापसाच्या धंद्याची आठवण आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ती रोज शेकडो तोंडांतून निघते. मराठवाड्यातल्या गावांमधून नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे या वसाहतींत राहिली. येताना बैलगाडीतून, टेम्पोतून ज्या वळकट्या आल्या, त्यांत गोधड्या होत्याच. शहरात पलंग आले, गाद्या आल्या, सोलापुरी चादरी आणि पानिपतचे ब्लँकेट आले. गोधडी आधी पाहुण्यांसमोरून हटली, मग माळ्यावर गेली.

तिला खरा धक्का दिला तो कापडाने. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या स्वस्त, टिकाऊ, इस्त्री न लागणाऱ्या; नेसणारीच्या दृष्टीने सोयीच्या, गोधडीच्या दृष्टीने निरुपयोगी. हे कापड थरांवरून घसरते, घाम शोषत नाही आणि जुने झाले तरी मऊ पडत नाही. सुती लुगड्याचा गुण हा की शंभर धुण्यांनी झिजून ते अंगाला लागेल इतके मऊ होते. गोधडीला हवी असते ती हीच झीज. नऊवारी नेसणारी पिढी सरत गेली तसा गोधडीचा कच्चा माल आटला. कॉटनची जुनी साडी मोलकरणीला देण्याऐवजी जपून ठेवणारी आजी घरोघरी दिसते, त्यामागे भावनेइतकाच हा व्यवहारही आहे.

गरज संपली आणि शिवणे उरले, तेव्हा ते छंदाच्या वाट्याला आले. तसे हाताच्या हौशी कामाला मराठी घरात आधीपासून जागा होतीच. लग्नातल्या रुखवतात मुलीने केलेली तोरणे, मण्यांची कामे, क्रोशाचे रुमाल मांडत. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवणकामाचे वर्ग काढून त्याला शिक्षणाचा दर्जा दिला. गोधडी मात्र रुखवतात कधी बसली नाही. ती मिरवण्याची नव्हे, वापरण्याची वस्तू. अपवाद बाळाच्या दुपट्याचा. बाळंतविड्यात कुंची, झबली आणि मऊ जुन्या धोतराची दुपटी असतात, आणि ती आजीने शिवायची. नव्या कापडाचे दुपटे बाळाला टोचते, म्हणून तिथे जुनेच कापड मानाचे.

उतारवयातला छंद बहुतेक ठिकाणी या दुपट्यापासूनच सुरू होतो. गारखेड्यासारख्या वसाहतीत निवृत्त शिक्षिका, कचेरीत कारकुनी केलेल्या बायका, मुले पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या आया पन्नाशी-साठीनंतर सुई हातात घेतात. नातवाचे दुपटे झाले की पलंगाची गोधडी, मग शेजारणीच्या सुनेसाठी आणखी एक. या वयाला हे काम जमते त्याला कारणे आहेत. धावदोरा हा सगळ्यांत साधा टाका. तो बारीक नसला तरी चालतो, वाकडा गेला तर उठून दिसत नाही. भरतकामाला लागते तशी तीक्ष्ण नजर लागत नाही. अर्ध्यात सोडून गुंडाळून ठेवता येते. अडते ते दोन ठिकाणी. सुईत दोरा ओवायला कोणीतरी लागते, आणि जमिनीवर वाकून बसणे गुडघ्यांना झेपत नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे शाळेतून आलेल्या नातवाकडून एकदम दहा सुया ओवून घेऊन कापडात टोचून ठेवणे. दुसऱ्यासाठी गोधडी जमिनीऐवजी जेवणाच्या टेबलावर पसरतात आणि टाके घालताना मांडीवर ओढून घेतात. सहा-सात थरांतून सुई ढकलताना बोट सोलते. अंगुस्तान घालायची सवय लागेपर्यंत ती शिक्षा प्रत्येकीला भोगावी लागते.

छंदाने वस्तू बदलली. चिंध्यांऐवजी दुकानातून आणलेल्या कापडाचे मोजून कापलेले चौकोन आले, रंगसंगती आली. अमेरिकी पद्धतीत वरचे जोडकाम, मध्ये भराव आणि खाली अस्तर असे तीन थर असतात; तेही इथल्या हौशी बायकांनी उचलले. दिवंगत आईच्या साड्यांची गोधडी करून भावंडांनी वाटून घेण्याची रीत वाढते आहे. दुसरीकडे तीच गोधडी मोबदल्याचे काम झाली. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना 1975 ची. पुढे बचत गटांचे जाळे पसरले आणि प्रदर्शनांत गोधडी पापड-मसाल्यांशेजारी मांडली जाऊ लागली. घरोघरी फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आधीपासून होत्या. त्यांच्या बारा हजार टाक्यांची मजुरी आणि प्रदर्शनातल्या चिठ्ठीवरची किंमत यांच्यातले अंतर पाहिले की हौस कोणाची आणि पोट कोणाचे हे कळते.

जुन्या गोधडीचे आयुष्य मात्र वेगळ्या तऱ्हेने मोजले जाई. ती विरली की टाकत नसत. तिच्यावर-खाली नवे लुगडे घालून तिलाच मधला थर करत. अशी गोधडी उसवली तर वर सुनेची साडी, तिच्याखाली सासूचे लुगडे आणि सगळ्यांत आत आजेसासूच्या इरकलीचा तुकडा निघतो. तीही धड राहिली नाही की बैलाच्या पाठीवर किंवा धान्याच्या कणगीवर, आणि तिथूनही उतरल्यावर तिचे पोतेरे होऊन ओसरी सारवायला लागे.