गाबा: मेंदूतले आम्ल आणि झोपेची गोळी

गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल, म्हणजेच गाबा, आज मनाच्या शांततेसाठी आणि चांगल्या झोपेसाठी गोळ्या व कॅप्सूलच्या रूपात विकले जाते. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच प्रयोगशाळेत तयार झाला होता. पुढे कितीतरी वर्षे वनस्पती आणि सूक्ष्मजीवांच्या चयापचयातला एक किरकोळ घटक एवढीच त्याची ओळख होती. १९४९ मध्ये तो बटाट्यात सापडला. प्राण्यांच्या शरीरात त्याचे काही काम असेल, असे तोवर कुणाच्या मनातही नव्हते.

१९५० मध्ये चित्र पालटले. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यूजीन रॉबर्ट्स उंदरांच्या निरनिराळ्या ऊतींमधली अमिनो आम्ले तपासत होते. पद्धत साधी होती. ऊतीच्या अर्काचा थेंब गाळणकागदाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, द्रावक त्यातून झिरपू द्यायचा आणि कागद वाळल्यावर त्यावर निनहायड्रिन फवारून तो तापवायचा. मग प्रत्येक आम्ल आपापल्या जागी जांभळट डाग होऊन उमटते. मेंदूच्या अर्काच्या कागदावर एक ठळक डाग असा आला, जो इतर अवयवांच्या कागदांवर जवळपास दिसतच नव्हता. तो गाबाचा निघाला. ह्यूस्टनमध्ये होर्हे अवापारा यांनाही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, हेच आढळले.

मेंदूत हे आम्ल करते काय, याचे उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षे लागली. एर्न्स्ट फ्लोरी यांना सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या अर्कात क्रेफिशच्या चेतापेशींचे स्पंदन थांबवणारे काहीतरी सापडले होते. त्यांनी त्याला ‘फॅक्टर आय’ म्हटले. १९५७ मध्ये मॉन्ट्रियल येथे त्याचा मुख्य क्रियाशील घटक गाबाच असल्याचे सिद्ध झाले. १९६६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लॉबस्टरची दमनकारी चेता उद्दीपित केली की गाबा बाहेर पडते, हे दाखवले. मेंदूतली उत्तेजना आवरणारा मुख्य रासायनिक दूत म्हणून त्याचे स्थान त्यानंतर पक्के होत गेले.

त्याचे महत्त्व दाखवणारी एक घटना मात्र प्रयोगशाळेबाहेरची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डब्यातल्या दुधावर वाढणाऱ्या काही तान्ह्या बाळांना झटके येऊ लागले. दूध तयार करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले ब-६ जीवनसत्त्व नष्ट झाले होते. शरीर ग्लुटामिक आम्लापासून गाबा बनवते आणि ते घडवणाऱ्या विकराला ब-६ लागते. जीवनसत्त्व मिळताच बाळांचे झटके थांबले. मेंदूला लागणारे गाबा मेंदूतच तयार होते, ही या साऱ्या इतिहासातली कळीची बाब आहे.

झोपेशी गाबाचे नाव जोडले गेले ते औषधांमुळे. चिंता शमवून झोप आणणारी औषधे, लिब्रियम १९६० मध्ये आणि व्हॅलियम १९६३ मध्ये, बाजारात आली, तेव्हा ती नेमकी कशी काम करतात हे ठाऊक नव्हते. ती गाबाचा परिणाम वाढवतात, हे १९७० च्या दशकाच्या मध्यावर कळले. मग थेट गाबाच का देऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक होता. जपानमध्ये ते ‘गॅमालॉन’ नावाने औषध म्हणून विकलेही गेले. पण रक्तातले गाबा मेंदूत शिरूच शकत नाही किंवा अगदी नाममात्र शिरते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा अडसर त्याला रोखतो. म्हणून रसायनतज्ज्ञांनी रेणूचीच रचना बदलून पाहिली. सोव्हिएत संघात फेनिबट तयार झाले आणि स्वित्झर्लंडमध्ये बॅक्लोफेन. बॅक्लोफेन अखेर स्नायूंचा ताठरपणा घालवणारे औषध ठरले. त्याच कल्पनेतून आलेल्या गाबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये अपस्मारासाठी परवानगी मिळाली.

पूरक आहार म्हणून गाबाचा प्रवास सुरू झाला तो चहाच्या पानांपासून. १९८० च्या दशकात जपानच्या शिझुओका प्रांतातल्या चहा संशोधन संस्थेत असे दिसले की, ताजी पाने काही तास नायट्रोजन वायूत ठेवली, की प्राणवायूअभावी त्यांच्यातल्या ग्लुटामिक आम्लाचे गाबा होते. १०० ग्रॅम पानांत किमान १५० मिलिग्रॅम गाबा असलेला हा चहा ‘गाबारॉन’ नावाने विकला जाऊ लागला. त्याचे आकर्षण झोप नव्हे, रक्तदाब होता. उंदरांवरच्या प्रयोगांत या चहाने रक्तदाब उतरला होता, आणि त्यासाठी गाबाने मेंदूत शिरण्याची गरजही नव्हती. भात किंवा कडधान्याला मोड आणले तरी गाबा वाढते. मोड आणलेला तांदूळ जपानमध्ये याच गुणासाठी खपू लागला.

पुढची पायरी किण्वनाची. क्योटोच्या फार्मा फूड्स कंपनीने लॅक्टोबॅसिलस जिवाणूंकडून गाबा बनवून घेतले. २००५ मध्ये ग्लिको कंपनीचे गाबायुक्त चॉकलेट तणावमुक्तीच्या नावाखाली दुकानांत आले. २००६ मध्ये एका जपानी अभ्यासात १३ जणांच्या मेंदूतल्या अल्फा लहरी वाढल्याचे आणि झुलत्या पुलावरून चालणाऱ्या आठ जणांच्या लाळेतल्या प्रतिपिंडांची पातळी गाबामुळे टिकून राहिल्याचे नोंदवले गेले. एवढ्या लहान अभ्यासांवर जाहिरातींचा मोठा डोलारा उभा राहिला. कायदेही अनुकूल होते. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरीची अट ठेवली नाही; जपानने २०१५ मध्ये कंपन्यांना स्वतःच्या जबाबदारीवर गुणकारी असल्याचे दावे करू दिले. २०२१ मध्ये तर जनुकसंपादनाने गाबा वाढवलेला टोमॅटो तिथे विक्रीला आला.

तोंडावाटे घेतलेले गाबा काम करत असेल, तर ते आतड्यातल्या चेतांमार्फत करत असावे, असा एक तर्क मांडला जातो. तो अजून सिद्ध झालेला नाही. मानवी चाचण्यांचा एक पद्धतशीर आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी निष्क्रिय गोळी वापरलेल्या १४ चाचण्या तपासल्या होत्या. तणाव कमी होण्याबाबतचा पुरावा मर्यादित आणि झोप सुधारण्याबाबतचा अतिशय मर्यादित, असा त्याचा निष्कर्ष होता. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, कारण गाबा रक्तदाब आणखी उतरवू शकते.