नितळ म्हणजे निर्जंतुक?

ऑगस्ट २०१६. ब्राझीलमधील रिओ शहरात ऑलिंपिक स्पर्धा चालू होत्या. ९ तारखेला सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव चक्क हिरवा दिसू लागला. शेजारच्या तलावातील पाणी मात्र निळे होते. दुसऱ्या दिवशी तेही हिरवट झाले. हे कसे घडले?

चार दिवसांनी आयोजकांनी खुलासा केला. ५ ऑगस्टला चुकून ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड तलावात ओतले गेले होते. वास्तविक क्लोरीनप्रमाणे हेही जंतुनाशकच. मग दोन्ही एकत्र आल्यावर पाणी अधिक शुद्ध व्हायला नको का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. दोन्ही पदार्थ ऑक्सिडीकारक आहेत खरे, पण क्लोरीनसमोर पेरॉक्साइड क्षपणकाचे काम करते. त्यातून ऑक्सिजन निघून जातो आणि क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइड होते. थोडक्यात, पहारेकरीच निकामी झाला आणि उघड्यावरच्या, उन्हातल्या पाण्यात शेवाळ वाढले.

हा पहारेकरी तलावात आला तरी केव्हा? इंग्लंडमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला आणि गावोगावी पोहण्याचे तलाव बांधले गेले. पाणी शुद्ध करण्याची सोय नव्हती. तलाव भरायचा, काही दिवस वापरायचा आणि पाणी फारच घाण झाले की ओतून द्यायचे, अशी रीत होती. काही ठिकाणी ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग असे आणि पाणी गढूळ होत जाई तसतसे ते स्वस्त होई. म्हणजे गरिबाच्या वाट्याला सर्वांत घाण पाणी!

पुढे तेच पाणी गाळून पुन्हा वापरण्याची पद्धत आली. यात तुरटीचा उपयोग होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो, कणांचे पुंजके बनतात आणि ते वाळूच्या थरात अडकतात. पाणी नितळ होते. पण जंतूंचे काय? बरेचसे गाळले जातात, सगळे नव्हेत.

१९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात विरंजक चूर्ण नियमितपणे मिसळण्यास सुरुवात झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ब्राउन विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात हाच उपाय करून पाहण्यात आला. गाळणीला जंतुनाशकाची जोड मिळाली.

मात्र नुसते क्लोरीन टाकून भागत नाही. पाण्यात त्याचे हायपोक्लोरस आम्ल बनते. जंतू मारण्याचे मुख्य काम हे आम्ल करते. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ७.५ असताना सुमारे निम्मे क्लोरीन या रूपात असते. सामू ८.५ झाला की जेमतेम एक दशांश उरते. म्हणून तलावाची देखभाल करणारा माणूस क्लोरीनबरोबर सामूही मोजतो. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. तलावाजवळ येणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो बहुतांशी क्लोरामाइनांचा असतो. पोहणाऱ्यांचा घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ती तयार होतात आणि डोळे चुरचुरतात. पोहण्यापूर्वी अंघोळ करण्याचा नियम त्यासाठीच आहे.

नितळ पाण्यातही धोका असू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा अतिसार घडवणारा परजीवी तलावातील नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. तो दहा-दहा दिवस जिवंत राहतो. याउलट, रिओतील हिरव्या पाण्यापासून खेळाडूंना धोका नाही, असे आयोजकांनी चाचण्यांच्या आधारे सांगितले होते. सूर मारण्याच्या स्पर्धा त्याच पाण्यात पार पडल्या. दुसऱ्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी मात्र बदलावे लागले, कारण तालबद्ध जलतरणाच्या खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहता येणे आवश्यक होते.

मग नितळपणाला महत्त्व नाही का? आहे, आणि ते जिवाशी निगडित आहे. तळ दिसत नसेल, तर बुडालेले मूल जीवरक्षकाला दिसणार नाही. नितळपणा डोळ्यांनी पाहावा. निर्जंतुकपणा मोजूनच ठरवावा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन ग्लासांत गढूळ पाणी घ्या, एकात तुरटी फिरवा आणि अर्ध्या तासाने दोन्ही ग्लास मुलांना दाखवा. मग विचारा, "यातले नितळ पाणी प्यायचे का?" मुले 'हो' म्हणाली, तर पाठ तेथूनच सुरू करावा.