मुलांकडून मोठ्यांकडे: बालरक्षणाच्या एका धड्याची कुळकथा

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कॅथलिक चर्चच्या पुणे धर्मप्रांतात येतात. रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारी ताई, वेदीसेवकांची तयारी करून घेणारा तरुण, वसतिगृहाच्या सिस्टर, तिथला स्वयंपाकी, शाळेच्या गाडीचा चालक या सगळ्यांच्या हाती पालक विश्वासाने मूल सोपवतात. अशा प्रत्येकाने बाललैंगिक अत्याचार ओळखायला आणि रोखायला शिकलं पाहिजे, ही अपेक्षा आज चर्चही ठेवतं आणि कायदाही. इथवर यायला फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत मुलांनी मोजली.

या शिक्षणातला एक जुना धडा मुलांसाठीच होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात कॉर्डेलिया अँडरसन यांनी मुलांना समजेल अशा भाषेत स्पर्शांतले फरक मांडले. इल्यूजन थिएटरने त्यावर ‘टच’ हे नाटक केलं. आपल्या शाळांत शिकवला जाणारा ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा त्याच विचाराचा वारसा. मुलाच्या तोंडी शब्द आले, हे मोठंच काम झालं. पण सगळा गाव ज्याच्यापुढे वाकतो, त्याला आठ वर्षांच्या पोराने ‘नाही’ कसं म्हणावं? आणि म्हटलं, तरी ऐकणार कोण?

मोठ्यांसाठीचा धडा चर्चच्या अपयशातून आला. १९८५ मध्ये लुइझियाना राज्यातल्या एका धर्मगुरूने अनेक मुलांवरच्या अत्याचारांची कबुली दिली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बिशपांपुढे सविस्तर इशारा देणारा अहवालही आला होता. तरीही आरोपीची गुपचूप दुसऱ्या चर्चमध्ये बदली करण्याची रीत चालूच राहिली. १९९८ मध्ये तिथल्या कॅथलिक धर्मप्रांतांना विमा देणाऱ्या संस्थेने पुढाकार घेतला आणि त्यातून ‘व्हर्टस’ हा प्रशिक्षणक्रम उभा राहिला. जानेवारी २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने बदल्यांची ही रीत चव्हाट्यावर आणली. जूनमध्ये डॅलसला जमलेल्या बिशपांनी धर्मगुरू, कर्मचारी आणि स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण व पार्श्वभूमीची तपासणी बंधनकारक केली.

या प्रशिक्षणाचा गाभा साधा आहे. अत्याचारी बहुधा परका नसतो. तो आधी घरच्यांचा विश्वास मिळवतो, मुलाला भेटी देतो, एकट्याने भेटण्याच्या सबबी काढतो, गुपितं राखायला लावतो. म्हणून धोक्याच्या खुणा ओळखा, मुलांपर्यंत कोण पोहोचतं यावर नियंत्रण ठेवा, प्रत्येक उपक्रमावर नजर ठेवा, मुलांच्या वागण्यातले बदल टिपा आणि शंका आली की बोला, या त्याच्या पाच पायऱ्या.

भारतात या गोष्टीला कायद्याची धार आली. मडगावच्या एका अनाथाश्रमातल्या मुलांवरचे अत्याचार १९९१ मध्ये उघडकीस आले आणि १९९६ मध्ये तो चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला जन्मठेप झाली. २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, लागू झाला. धार्मिक संस्थेतल्या माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर मानतो. कलम १९ नुसार ज्याला गुन्हा कळला, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल संस्थाप्रमुख गप्प राहिला, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि वेळोवेळी प्रशिक्षण बंधनकारक केलं.

चर्चचे स्वतःचे नियमही याच काळात बदलले. २०११ मध्ये व्हॅटिकनने प्रत्येक देशातल्या बिशपांकडून मार्गदर्शक नियम मागितले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताला तक्रारीची खुली व्यवस्था उभारायला सांगितलं. पण चर्चकडे केलेली तक्रार पोलिसांकडच्या खबरीची जागा घेऊ शकत नाही. शिक्षा कायद्याच्याच वाटेने होते: मुंबईत २०१५ मध्ये एका धर्मगुरूने किशोरवयीन मुलावर अत्याचार केला. २०२१ मध्ये पोक्सो न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने खबर दिली नाही, असा आरोप होता. त्यावर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

पाचगणीत सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंटसारखी निवासी शाळा १८९५ पासून आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांची परंपरा सातारा जिल्ह्यात एवढी जुनी आहे. निवासी शाळा असो की सांगलीतलं लहानसं चर्च, हे प्रशिक्षण मराठीतून व्हायला हवं, आचारी आणि चालकापर्यंत पोहोचायला हवं आणि दरवर्षी नव्याने व्हायला हवं. ‘आपसात मिटवू’, ‘संस्थेचं नाव जाईल’ ही वाक्यं आपल्याकडे फार लवकर तोंडी येतात. मूल बोललं, तर शांतपणे ऐकावं, त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये आणि लगेच १०९८ ला किंवा पोलिसांना फोन करावा. खरं-खोटं ठरवणं हे तपासाचं काम आहे, आपलं नाही. मुलाला ‘नाही’ म्हणायला जरूर शिकवावं, पण त्याला ते म्हणण्याची वेळच येऊ न देणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे.