एका रुळावर दोन इंजिने

राधानगरीत रेल्वे नाही. इंजिन पाहायचे तर कोल्हापूर गाठावे लागते. तरीही, श्रोतेहो, छोट्या आगगाड्यांची ही हकिगत मी आमच्या धरणापासूनच सुरू करतो. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोचले की आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. बळ पाण्याचे आणि निरोपही पाण्याचाच. छोट्या आगगाडीला ही युक्ती साधायला बराच काळ लागला.

पूर्वी रुळांतील विजेचा दाब वाढविला की इंजिन जोरात धावे, प्रवाह उलटविला की मागे येई. पण एका रुळावर दोन इंजिने ठेवली की पंचाईत! दोन्ही एकदमच निघत. मग रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला निराळे बटण लावीत. तारांचे नुसते जंजाळ होई. १९६३ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने 'अ‍ॅस्ट्रॅक' काढून पाच इंजिने वेगवेगळी हाकण्याची सोय केली. १९७९ साली इंग्लंडच्या हॉर्नबीने 'झिरो वन' आणले. पण प्रत्येक कारखान्याची बोली निराळी. एकाचे इंजिन दुसऱ्याच्या यंत्राचा हुकूम मानीना. अखेर जर्मनीतील लेन्झ कंपनीची पद्धत पायाशी धरून अमेरिकेतील मॉडेल रेल्वे संघटनेने १९९०च्या दशकात सर्वांसाठी एकच प्रमाणभाषा ठरविली.

ती भाषा अगदी साधी आहे. रुळांतला प्रवाह सारखा उलटसुलट होत असतो. उलटण्यातले अंतर सेकंदाचे ५८ दशलक्षांश असले तर 'एक', सुमारे १०० असले तर 'शून्य'. इंजिनाच्या पोटातला डीकोडर हे एक-शून्य वाचतो. त्याच प्रवाहावर मोटार चालते. नवा डीकोडर बहुधा ३ या क्रमांकाला ओ देतो; पहिल्या खणात दुसरा आकडा लिहिला की त्याचे नाव बदलते, आणि वीज गेली तरी तो ते विसरत नाही.

तारांचेही रंग ठरलेले. लाल आणि काळी रुळांकडे, नारिंगी आणि करडी मोटारीकडे. एवढे पाठ असूनही माझा पहिला डीकोडर जळलाच! जुन्या इंजिनात मोटारीचे एक टोक सांगाड्याला, म्हणजे पर्यायाने रुळालाच, टेकलेले असते. ते सोडवायचे मी विसरलो. वर्गात मुलांसमोर प्रवाह सोडला, भसकन धूर निघाला. मुले हसली; मीही हसलो, पण पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून मोटार रुळापासून पुरती सुटी आहे ना, हे आधी मीटर लावून पाहतो.

ज्यांना छोट्या रेल्वेचा थाट पाहायचा असेल त्यांनी पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या, १९९८ साली खुल्या झालेल्या संग्रहालयात जावे. आणि घरी डीकोडर बसविताना एवढे ध्यानात ठेवावे: रुळांवरून प्रत्येक निरोप सगळ्याच इंजिनांपर्यंत पोचतो, पण हलते ते फक्त ज्याचे नाव घेतले तेच. म्हणून दुसरे इंजिन रुळावर ठेवण्यापूर्वी त्याला निराळा क्रमांक द्यावा; नाहीतर दोघेही तीन नंबरचे, आणि आपण पुन्हा पहिल्याच पंचाइतीत!