सीडीवरच्या फायलींचा मालक कोण?

(केडगाव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जुनाट वाटेल, कारण नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच उरलेली नाही. पण शाळा, पतपेढ्या, ग्रंथालयं यांच्या कपाटांत आजही सीडी सापडतात. कुठे स्कॅन केलेलं दप्तर, कुठे सभांचे फोटो. आज ना उद्या कुणीतरी ते सगळं लिनक्सवरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणार. त्या वेळी संगणक एक प्रश्न विचारतो: या फायली कुणाच्या?

हा प्रश्न आला कुठून, ते आधी पाहू. युनिक्स जन्मलं १९६९ साली, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये. एका यंत्रावर अनेक माणसं काम करायची, म्हणून प्रत्येक फायलीला मालक आणि गट असावा असं ठरलं. पण फायलीवर मालकाचं नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक लिहितात. क्रमांक कुणाचा, हे त्या यंत्रावरच्या वेगळ्या यादीत असतं.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाव नमुना ८अ वर खाते क्रमांक असतो. केडगावातलं ५०० नंबरचं खाते एकाचं, वरवंडमधलं ५०० दुसऱ्याचं. गावाचं नाव सोडून नुसता क्रमांक सांगितला, तर त्याला काही अर्थ नाही. युनिक्सचंही तसंच. जुन्या रेड हॅट लिनक्समध्ये पहिल्या माणसाला ५०० क्रमांक मिळायचा, डेबियनमध्ये १०००. एकीकडे भरलेली सीडी दुसरीकडे लावली, की नावाच्या जागी कोरडा आकडा दिसायचा. किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच माणसाचं नाव दिसायचं.

आता सीडीकडे येऊ. नोव्हेंबर १९८५ मध्ये नेवाडातल्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात काही कंपन्यांची माणसं बसली. प्रत्येकाची सीडी वेगळ्या पद्धतीची, एकाची दुसऱ्याकडे चालेना. तिथून जो मसुदा निघाला, त्यावरून १९८८ साली आयएसओ ९६६० हे प्रमाण आलं. त्यात मालक आणि गट यांची नोंद करायला एक ऐच्छिक जागा होती. पण ती फारसं कुणी वापरली नाही. का बरं?

याचं उत्तर केडगावात बसून चटकन कळतं. इथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनचा छापखाना होता. मुली-बायका खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. छापखाना पुस्तकावर विकत घेणाऱ्याचं नाव छापतो का? नाही. ते नाव घेणारा घरी नेऊन पहिल्या पानावर लिहितो. सीडी ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र होतं. सीडी म्हणजे छापील वस्तू. कारखान्यात ठसा मारायचा, हजारो प्रती काढायच्या, सगळ्यांनी वाचायच्या. मग मालक लिहायचा कशाला?

युनिक्सवाल्यांना मात्र ते पुरेना. त्यांना आपली पूर्ण फाइलव्यवस्था, लांब नावं आणि परवानग्यांसकट, सीडीवर हवी होती. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉक रिज ही जोड आली. हे नाव ‘ब्लेझिंग सॅडल्स’ या १९७४ च्या विनोदी चित्रपटातल्या गावाचं. रॉक रिजमध्ये मालक आणि गटाचे क्रमांक प्रत्येक फायलीसोबत जातात.

आणि तिथेच गफलत. सीडी गावोगाव फिरणार, खाते क्रमांक मात्र एकाच गावचा. मग सीडी बनवणाऱ्या एमकेआयएसओएफएस या प्रोग्राममध्ये दोन पर्याय ठेवले. मोठा आर दिला तर क्रमांक जसेच्या तसे जातात. छोटा आर दिला तर मालक-गट दोन्ही शून्य होतात, वाचण्याची परवानगी सगळ्यांना मिळते आणि लिहिण्याची कुणालाच नाही. म्हणजे छोटा आर सीडीला पुन्हा पुस्तक करून टाकतो.

वाचणाऱ्याच्या हातातही उपाय आहे. सीडी लिनक्सला जोडताना, म्हणजे माउंट करताना, सांगता येतं की सगळ्या फायलींचा मालक अमुक क्रमांक धर. मग रॉक रिजमध्ये काहीही लिहिलेलं असो, तोच क्रमांक दिसतो. डीव्हीडीसाठी आलेल्या यूडीएफ पद्धतीतही मालकाची जागा आहे, आणि ‘मालक नाही’ असं सांगणारा खास आकडाही आहे. आजची डेस्कटॉप लिनक्सं बहुतेक वेळा हेच करतात: जो समोर बसलाय, तो मालक.

यातून दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली, सीडीवरची मालकी म्हणजे कुलूप नव्हे. ज्याच्या हातात सीडी आणि यंत्राचे पूर्ण अधिकार, त्याला सगळं वाचता येतं. सभासदांची खाजगी कागदपत्रं परवानग्यांच्या भरवशावर सीडीवर टाकली असतील, तर ती उघडीच आहेत. सांकेतिक रूपात टाकली असतील तरच झाकलेली.

दुसरी, माउंट करताना दिलेला मालक वाचण्यापुरता असतो. त्यानं सीडीवर काही बदलत नाही. खरी फेरफार नोंद होते ती कॉपी करताना. सर्वाधिकार घेऊन, जुने क्रमांक राखून कॉपी केलीत, तर वीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या फायली आजच्या त्याच क्रमांकाच्या माणसाच्या नावावर चढतील. त्यानं काही मागितलेलं नसताना.

म्हणून उतरवण्याआधी क्रमांक पाहून घ्या. कोणता क्रमांक कोणाचा, हे जुन्या माणसांना विचारून वहीत लिहा. मग सगळ्या फायली संस्थेच्या एका खात्यावर घ्या. नवीन साठवण करताना टार वापरा. ते क्रमांकासोबत नावही ठेवतं आणि सर्वाधिकारानं उघडताना आधी नाव जुळवून पाहतं. सीडी खराब व्हायच्या आत हे व्हायला हवं, आणि ती जुनी माणसं भेटतात तोवर.