'ऑट'ची थकबाकी

इंग्रजीत 'अमुक करायला हवं' हे कर्तव्याच्या सुरात सांगायचं, की 'ऑट' हे क्रियापद येतं. त्याला ना वेगळा भूतकाळ, ना इतर कुठलं रूप. कारण ते स्वतःच एक जुना भूतकाळ आहे: 'ओ' म्हणजे देणं लागणे, या क्रियापदाचा.

1611 च्या किंग जेम्स बायबलात दहा हजार तालांतांच्या कर्जदार चाकराचा दाखला आहे. 'तो देणं लागत होता' यासाठी तिथे 'ऑट'च छापलेलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत 'ओड' आलं. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'मधली खाणावळवालीही 'ऑट'च म्हणते. राजपुत्र आपलं हजार पौंड देणं लागतो, अशी बढाई त्याचा सोबती फॉलस्टाफ यानं मारली होती. ही बाई ती राजपुत्राच्या कानावर घालते. फॉलस्टाफ डगमगत नाही. हजार कसले, राजपुत्राचं प्रेम दहा लाखांचं आणि तेच तो मला देणं लागतो, असं त्याचं उत्तर! पैशाचं देणं मनाच्या देण्यात कसं सरकतं, ते इतकं लख्ख क्वचितच दिसतं.

याच्याही मागे जुन्या इंग्रजीतलं 'आगान' आहे. त्याचा अर्थ अगदी उलटा, मालकीचं असणे. 'ओन' हा शब्द त्याच कुळातला. संस्कृत 'ईश्' धातूही भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात, म्हणजे गणेश-महेशातला 'ईश' या 'ऑट'चा दूरचा भाऊबंद.

मग मालकाचा ऋणको कसा झाला? दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं लिंडिस्फार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ लिहिले. लॅटिन 'देबेरे'साठी, म्हणजे 'देणं लागणे'साठी, त्यानं 'आगान'ला 'फेडणे' जोडलं. आपण 'मला शंभर रुपये द्यायचे आहेत' म्हणतो, तशीच ही रचना. पुढे 'फेडणे' गळालं आणि देण्याचा अर्थ उरलेल्या शब्दाला चिकटला. वर्तमानातली गोष्ट भूतकाळी रूपात सौम्यपणे सांगण्याची सवय इंग्रजीला आहेच. 'शुड' आणि 'वुड' तसेच घडले, आणि 'ऑट'ही.

'शुड'चं मूळही देण्यातलंच. त्याच्या जर्मन नातलगाचा, 'शुल्ड'चा, अर्थ कर्जही होतो आणि अपराधही. 'देबेरे'पासून तर इंग्रजीला कर्ज आणि कर्तव्य या दोन्हींचे शब्द मिळाले.

मराठीतलं 'लागणे' हेही असंच दुहेरी आहे: पैसे देणं लागतो, कामाला जावं लागतं. आणि माणूस समाजाचंही देणं लागतो. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो, असं सांगितलं आहे. ऋषींचं ब्रह्मचर्यानं फिटतं, देवांचं यज्ञानं आणि पितरांचं संततीनं.